डब्लिनचं ‘द चर्च’: ऑर्गनच्या सावलीतलं जेवण

माझे वडील संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करायचे. सांगलीच्या घरात पुढच्या खोलीत तो ऑर्गन अजून आहे. मी त्यावरच शिकले आणि आज पेटीच्या शिकवण्या घेते. त्यामुळे डब्लिनला मुलाकडे गेले असताना तो म्हणाला, “आई, उद्या एका जुन्या चर्चमध्ये जेवायला जाऊ, तिथे तीनशे वर्षांपूर्वीच्या कारागिराचा ऑर्गन आहे,” तेव्हा जेवायला काय मिळतं हे मी विचारलंच नाही.

जागेचं नाव ‘द चर्च’. लाल लाईनच्या ट्रामने जर्विस थांब्यावर उतरायचं आणि दोन-तीन मिनिटं चालायचं. मेरी स्ट्रीट आणि जर्विस स्ट्रीटच्या कोपऱ्यावर काळपट दगडाची इमारत दिसते. बाहेरून साधीच आहे, पण पूर्वेकडची भलीमोठी खिडकी आणि तिच्याभोवतीचं दगडी वळणदार काम रस्त्यावर उभं राहून निवांत बघण्यासारखं आहे.

हे मूळचं सेंट मेरीज. चर्च ऑफ आयर्लंड म्हणजे तिथला अँग्लिकन पंथ, त्याचं हे पॅरिश चर्च. पॅरिश म्हणजे ठरलेली हद्द. त्या हद्दीतल्या माणसाचा बाप्तिस्मा, लग्न, दफन सगळं त्याच चर्चच्या वहीत लागायचं. लिफी नदीच्या उत्तरेला आधी सेंट मिकन्स हे एकच पॅरिश होतं. वस्ती वाढली तसे १६९७ मध्ये त्याचे भाग पाडले आणि १७०० पासून हे चर्च उभं राहू लागलं. आराखडा सर विल्यम रॉबिन्सन यांचा, काम पुरं केलं थॉमस बर्ग यांनी. आत तिन्ही बाजूंनी लाकडी गॅलऱ्या आहेत. अशा गॅलऱ्यांचं डब्लिनमधलं हे पहिलं चर्च.

आता खाली मधोमध लांबलचक बार आहे आणि वर गॅलरीत जेवणाची टेबलं. आम्हाला वरचं टेबल मिळालं. मी बसले आणि मान वळवली, तर समोरच तो.

गडद लाकडाची कोरीव चौकट आणि तिच्यात उभ्या सोनेरी नळ्या. बांधणारा रेनॅटस हॅरिस, त्या काळचा लंडनचा नावाजलेला ऑर्गन कारागीर. आमच्या घरच्या ऑर्गनमध्ये पाय मारले की हवा आत ओढली जाते आणि पितळेचे सूर, म्हणजे आतल्या पातळ पट्ट्या, थरथरतात. इथे तसल्या पट्ट्या नाहीत, नळ्या आहेत. भात्यातली हवा नळीत शिरते आणि नळी बासरीसारखी बोलते. नळी लांब तितका स्वर खर्जातला. वीज नव्हती तेव्हा वाजवणारा पुढे बसायचा आणि भाता मारायला वेगळा माणूस असायचा. त्या माणसाचं नाव कुठे लिहिलेलं नसतं. वडिलांना मी लहानपणी पानं उलटून द्यायची, म्हणून असेल, मला आधी तोच आठवला.

अठराव्या शतकातला मोठा संगीतकार हॅण्डेल या ऑर्गनवर सराव करायचा असं इथे सांगतात. तो १७४१ च्या नोव्हेंबरात डब्लिनला आला आणि पुढच्या ऑगस्टपर्यंत राहिला. त्याचं बिऱ्हाड ॲबी स्ट्रीटवर होतं, म्हणजे आम्ही ट्राममधून उतरलो त्याच रस्त्यावर. त्याचा ‘मसाया’, म्हणजे येशूवरची मोठी संगीतरचना, जगात पहिल्यांदा गायला गेला तो नदीपलीकडे फिशॅम्बल स्ट्रीटच्या सभागृहात, १३ एप्रिल १७४२ ला. गर्दी इतकी होणार होती की बायकांनी घेरदार झग्याखालचे सांगाडे आणि पुरुषांनी तलवारी घरी ठेवून या, अशी विनंती केली होती. मिळालेला पैसा तीन कामांना वाटला: कर्जापायी तुरुंगात पडलेल्यांची सुटका, चॅरिटेबल इन्फर्मरी हा धर्मादाय दवाखाना आणि मर्सर्स हॉस्पिटल. त्या पैशातून १४२ कैदी सुटले. आणि मर्सर्स हॉस्पिटल ज्यांच्या देणगीतून उभं राहिलं, त्या मेरी मर्सर यांचं दफन याच सेंट मेरीजमध्ये झालेलं. ते हॉस्पिटल १९८३ पर्यंत चाललं. मुलगा फोनवर हे वाचून दाखवत होता, आणि मी सूप तसंच ठेवून ऐकत होते.

सूपचं सांगते. मी शाकाहारी, भाज्यांचं दाट सूप घेतलं, सोबत आयरिश ब्राऊन ब्रेडचे जाड काप आणि लोणी. हा ब्रेड यीस्टचा नाही, खायचा सोडा आणि ताक घालून करतात. ताकाचा किंचित आंबूस वास घास तोंडाजवळ नेताच येतो, कड खरपूस असते आणि आत गव्हाचा कोंडा दाताखाली लागतो. मला तो इतका आवडला की सूनबाईंनी आपलेही काप माझ्या ताटलीत सरकवले. मुलाने आयरिश स्ट्यू घेतला: मटण, बटाटे, गाजर. त्याने वाडगा पुसून खाल्ला. वाढणारी मुलगी अगदी आपलेपणाने वागली. मी ऑर्गनकडे सारखी बघतेय हे तिच्या लक्षात आलं, आणि जवळ जाऊन बघा, असं तिने आपणहून सांगितलं.

देवाच्या जागी दारू, हे मला खटकेल अशी मुलाला धास्ती होती. खटकलं असतं. पण गिनेस बिअरची कंपनी सुरू करणाऱ्या आर्थर गिनेसचं ऑलिव्हिया व्हिटमोरशी लग्न १७६१ मध्ये इथेच लागलं. त्याच्या दीडेक वर्ष आधी, १७५९ च्या शेवटच्या दिवशी, त्याने सेंट जेम्सेस गेटची ब्रुअरी, म्हणजे बिअरचा कारखाना, वर्षाला ४५ पौंडांनी तब्बल ९००० वर्षांच्या भाड्याने घेतली होती. गॅलरीच्या कठड्यावरून मी त्याची काळी बिअर ओतताना पाहिली. ग्लास पाऊण भरून तसाच बाजूला ठेवतात, फेस सावकाश वर चढतो, खालचा काळा रंग निवळतो, मगच उरलेला भरतात. कुणी घाई करत नाही. ज्या घरात तो माणूस बोहल्यावर उभा राहिला, तिथे त्याची बिअर मिळते, यात मला काही वावगं वाटलं नाही.

वेस्लीनेही आयर्लंडमधलं आपलं पहिलं प्रवचन १७४७ मध्ये इथेच दिलं. मेथडिस्ट पंथ सुरू करणारा तोच जॉन वेस्ली. नाटककार शॉन ओकेसी यांचा बाप्तिस्मा १८८० मध्ये इथलाच. सगळ्यात मला हलवून गेलं ते वुल्फ टोनचं नाव. १७९८ च्या इंग्रजांविरुद्धच्या उठावाचा हा पुढारी. त्याचाही बाप्तिस्मा इथेच. चर्चची जुनी दफनभूमी आता त्याच्या नावाची मोकळी जागा आहे. जेवण झाल्यावर तिथे गेलो. जुन्या समाधीशिळा उचलून कडेला लावून ठेवल्यात. एकीवर हात फिरवला, अक्षरं पार झिजलेली. मुलं मध्ये खेळत होती. त्या शिळा ज्याच्या त्याच्या जागी राहायला हव्या होत्या असं मला मनापासून वाटतं.

चर्चच्या बाबतीत मात्र निभावलं. शहराच्या मध्यातली प्रोटेस्टंट वस्ती हळूहळू उपनगरांकडे गेली, प्रार्थनेला माणसं उरली नाहीत आणि १९८६ मध्ये ते बंद झालं. १९९७ मध्ये जॉन कीटिंग यांनी ते विकत घेतलं, सात वर्षं दुरुस्ती चालली आणि २००५ च्या अखेरीस त्यांच्या नावाने बार सुरू झाला. पुढे मालक बदलले आणि ‘द चर्च’ हे नाव आलं. या सगळ्यात गॅलऱ्या राहिल्या, खिडकी राहिली, ऑर्गन राहिला. आमच्याकडे किती जुन्या नाट्यगृहांतून पायपेट्या भंगारात गेल्या, ते मी पाहिलंय. म्हणून या लोकांचे मला आभार मानावेसे वाटतात.

जायचं असेल तर दुपारी तीन-चारच्या सुमाराला जा. संध्याकाळी गाणं-बजावणं असतं, ज्यांना ते हवं त्यांनी तेव्हा जावं. पण ऑर्गन बघायचा असेल तर दुपारच्या शांततेत, उन्हाची तिरीप मोठ्या खिडकीतून आत आलेली असताना, आणि टेबल आधी सांगून वरच्या गॅलरीतलंच घ्या.