डान्स क्लास, डान्स थेरपी की घरातला मोकळा नाच?

डॉक्टर म्हणतात, ‘हालचाल ठेवा.’ मैत्रीण म्हणते, ‘चल नाचायला, मन मोकळं होईल.’ आणि मोबाइलवर ‘डान्स थेरपी’च्या जाहिराती येतच राहतात. ऐकताना तिन्ही सल्ले सारखेच वाटतात, पण प्रत्येकाचं दार वेगळ्या खोलीत उघडतं.

सगळ्यांत आधी खोलीतला आरसा बघा. डान्स क्लासमध्ये भिंतभर आरसा असतो. पाच-सहा-सात-आठ मोजत शिकवणारे पुढे उभे असतात आणि आपलं पाऊल त्यांच्यासारखं पडतंय का, याकडे सगळं लक्ष असतं. डान्स मूव्हमेंट थेरपीत, म्हणजे हालचालीतून मनावर काम करणाऱ्या डान्स थेरपीत, आरशाचं काम थेरपिस्ट स्वतःच्या अंगाने करते. समजा, एक बाई खुर्चीतून उठायलाच तयार नाही. नुसता उजवा पाय हलतोय, तोही बहुधा अस्वस्थपणाने. थेरपिस्ट समोर बसून तोच ठेका स्वतःच्या पायात घेते, थोड्या वेळाने हातात आणते. बाईंच्या ते लक्षात येतं. पाय क्षणभर थांबतो, मग मुद्दाम जोरात आपटतो. आता ते दोघींमधलं बोलणं झालं. तासाच्या शेवटी बाईंचे खांदे जरा खाली आलेले असतात आणि त्या म्हणतात, ‘मला खरं तर राग आलाय.’ क्लासच्या हिशेबाने त्या नाचल्याच नाहीत. थेरपीच्या हिशेबाने हा तास भरगच्च झाला. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण क्लासला चपखल बसते. थेरपीत मात्र अंगण नेमकं कुठे वाकडं वाटतंय, हेच थेरपिस्टला ऐकायचं असतं.

या पद्धतीची सुरुवातही अशाच न बोलणाऱ्या माणसांपासून झाली. मॅरियन चेस या अमेरिकन नर्तिकेने 1942 मध्ये वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स या मनोरुग्णालयात रुग्णांबरोबर काम सुरू केलं. शब्दांनी ज्यांच्यापर्यंत पोहोचता येत नव्हतं, त्यांच्या हालचालीत ती आपली हालचाल मिसळायची. 1966 मध्ये अमेरिकन डान्स थेरपी असोसिएशन स्थापन झाली आणि चेस तिची पहिली अध्यक्ष झाली. म्हणजे थेरपिस्ट हा वेगळं शिक्षण आणि देखरेखीखालचा सराव लागणारा पेशा आहे. उत्तम नाचणारी व्यक्ती आपोआप थेरपिस्ट होत नाही.

मग मन खचलेलं असेल तर थेट थेरपीच घ्यावी का? इथे जाहिरातींपेक्षा सावध राहिलेलं बरं. नैराश्यावर या थेरपीचा किती उपयोग होतो, याचा कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेचा आढावा 2015 मध्ये आला. निकषांत बसणारे अभ्यास सापडले फक्त 3, सहभागी सगळे मिळून 147. एवढ्यावरून ठाम काही सांगता येणार नाही, असाच निष्कर्ष निघाला. उपयोग होत नाही, असा याचा अर्थ नाही. पण ‘गोळ्या बंद करा, नाचा’ म्हणणाऱ्याला तिथूनच नमस्कार करावा. माझ्या मते ही थेरपी सर्वाधिक शोभते ती समुपदेशनात बोलून बोलून अडकलेल्यांना: सगळं समजतं, सांगताही येतं, तरी छातीवरचा दगड हलत नाही.

पार्किन्सन्सच्या बाबतीत पारडं उलट फिरतं. तिथे मी आधी खास क्लास शोधेन. या आजारात हालचालीचं आतलं घड्याळ मंदावतं. माणूस दाराच्या चौकटीशी येतो आणि पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. जाऊ तर पाहतोय, पाऊल उचलत नाही. अशा वेळी बाहेरून ठेका मिळाला, कुणी टाळी दिली किंवा स्वतःच गुणगुणलं, तर पुष्कळदा पाऊल सुटतं. नाचात हा ठेका सतत मिळत राहतो. टँगो या जोडीने करायच्या नाचात तर थांबणं, पुन्हा निघणं, मागे चालणं, वजन एका पायावरून दुसऱ्यावर नेणं, हे सगळं जोडीदाराच्या आधाराने होतं. पार्किन्सन्समध्ये नेमकं हेच अवघड जातं. मार्क मॉरिस डान्स ग्रुप या अमेरिकन नृत्यसंस्थेने 2001 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये अशा लोकांसाठी वर्ग सुरू केले. शिकवणारे नर्तक, आणि येणाऱ्यांकडेही रुग्ण म्हणून नव्हे तर नर्तक म्हणून पाहायचं. तासभर कुणी आपल्याला पेशंट न समजणं, हेही औषधच म्हणायचं.

स्मृतिभ्रंश टळेल म्हणून नाचायचं असेल तर एक अभ्यास हमखास पुढे केला जातो. 2003 चा, 75 वर्षांवरच्या 469 जणांचा. शारीरिक व्यायामांपैकी फक्त नाचाशी स्मृतिभ्रंशाचा धोका कमी असल्याचं त्यात दिसलं. पण ज्यांचा मेंदू आधीच तल्लख, तेच म्हातारपणी नाचायला जात असतील, ही शक्यता उरतेच. नाचा, पण हमीपत्र समजू नका.

दुखणं एका सांध्याचं असेल, नुकतं ऑपरेशन झालं असेल, तर सरळ फिजिओथेरपी. शरीर फार लबाड असतं. आखडलेला खांदा नाचताना वर गेल्यासारखा दिसतो, पण बारकाईने बघा: खांद्याचं पातं कानाकडे ओढलेलं असतं, कंबर एका बाजूला कललेली असते आणि सांधा होता तिथेच. संगीताच्या नादात ही चोरी पकडली जात नाही. फिजिओ ती पकडतो. सांधा सुटला की मग खुशाल क्लास लावा.

राहिला घरातला मोकळा नाच. दार लावून घ्यायचं, एक गाणं लावायचं. फी नाही, लाज नाही. रोजच्या ताणासाठी मी आधी हेच सुचवेन. पण जुना आघात, अत्याचार, अपघात मागे असेल तर मिटल्या डोळ्यांनी, चढत्या ठेक्यावर एकट्याने नाचू नये. अंगाबरोबर आठवणही जागी होऊ शकते आणि तेव्हा सावरायला कुणी नसतं. प्रशिक्षित थेरपिस्ट डोळे उघडे ठेवायला सांगते, तळव्यांना जमीन जाणवतेय का ते विचारते, थांबायची खूण आधीच ठरवून ठेवते.

थेरपिस्टला फोन केलात तर शिक्षण कुठे झालं, हे विचाराच. त्याहून जास्त उलगडा एका प्रश्नाने होईल: ‘मधेच रडू आलं किंवा हलावंसंच वाटलं नाही, तर?’ ‘लाजू नका, एकदा सुरू झालं की सगळं निघून जाईल’ असं उत्तर आलं, तर दुसरा नंबर फिरवा. ‘मग आपण थांबू, बसून राहिलात तरी चालेल,’ असं म्हणाली आणि स्पर्श करण्याआधी विचारेन हेही सांगितलं, तर एक भेट घ्यायला हरकत नाही.

काहीही निवडलंत तरी तीन-चार वेळा जाऊन बघा आणि नोंद त्याच संध्याकाळी करू नका. नाचून आल्यावर संध्याकाळ बहुतेकांची छानच जाते. झोप कशी लागली आणि दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठताना अंग किती जड होतं, ते लिहून ठेवा.