डार्विन कोअर : जुन्या हर्बेरियमवर काही महिने वापरल्यानंतर

आमच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात दाबून वाळवलेल्या झाडपाल्याची कपाटं भरून शीट्स आहेत. त्यांची लेबलं संगणकावर चढवण्याचं काम सध्या चालू आहे आणि ते आम्ही डार्विन कोअरमध्ये करतोय. आता मत द्यायला हरकत नाही इतका वापर झालाय.

ज्यांना हे नाव नवीन आहे त्यांच्यासाठी : डार्विन कोअर हे सॉफ्टवेअर नाही. नमुना कुणी गोळा केला, कुठे, कधी, ओळख कुणी पटवली, ही माहिती कोणत्या नावाच्या रकान्यात लिहायची याचा तो ठरवून दिलेला शब्दसंग्रह आहे. जैवविविधतेच्या माहितीची मानकं ठरवणाऱ्या टीडीडब्ल्यूजी या संस्थेने तो २००९ मध्ये मान्य केला. प्रत्येक रकान्याला वेबवर कायमचा पत्ता आणि व्याख्या आहे. कोपनहेगनला मुख्यालय असलेलं जीबीआयएफ हे जैवविविधतेच्या माहितीचं जाळं जगभरच्या नोंदी याच रकान्यांत गोळा करतं. अशाच नोंदींसाठी एबीसीडी नावाचं दुसरं मानकही आहे, पण त्यातले शेकडो घटक बघून आमच्या प्रयोगशाळा सहायकांनी पहिल्याच बैठकीत हात टेकले.

मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे लेबलावर काय लिहिलंय आणि आपण त्यातून काय अर्थ काढला, हे दोन्ही वेगवेगळं ठेवायची सोय. एक शीट उदाहरणादाखल घेऊ. लेबलावर टाकाच्या अक्षरात ‘आंबोली, जि. रत्नागिरी, २२०० फूट, ऑक्टो. ६४’ एवढंच. आंबोली आज सिंधुदुर्गात आहे, कारण १९८१ मध्ये रत्नागिरीतून तो जिल्हा वेगळा झाला. आता रत्नागिरी खोडायचं? मुळीच नाही. लेबलावरचा मजकूर जसाच्या तसा ‘व्हर्बॅटिम लोकॅलिटी’त जातो आणि जिल्ह्याच्या रकान्यात सिंधुदुर्ग येतं. (जिल्ह्याचा रकाना ‘काउंटी’ या नावाचा आहे आणि तालुका ‘म्युनिसिपालिटी’त घालावा लागतो. सावंतवाडी तालुका म्युनिसिपालिटीत लिहिताना अजूनही हसू येतं.) उंचीचंही तसंच. मूळ फूट एका रकान्यात, मीटर दुसऱ्यात. इथे ६७०.५६ असं लिहायचा मोह होतो, पण लेबल लिहिणाऱ्याने २२०० हा आकडा अंदाजाने टाकलाय हे उघड दिसतं, म्हणून आम्ही ६७० वर थांबतो. तारखेलाही ‘१९६४-१०’ इतकंच चालतं, दिवस नसला तर नसला. आमच्या आधीच्या खासगी प्रणालीत दिवस भरल्याशिवाय नोंद जतनच होत नसे. परिणामी सगळं हर्बेरियम एक तारखेला गोळा झाल्यासारखं दिसायचं.

अक्षांश-रेखांशाशेजारी ‘अनिश्चितता, मीटरमध्ये’ हा रकाना आहे. तो रिकामा ठेवायची सगळ्यांना सवय असते आणि माझ्या मते तोच सर्वांत मोलाचा आहे. ‘आंबोली’ म्हणजे गावठाण, घाट की पठार, हे लेबल सांगत नाही. गावाच्या मध्यावर टिंब ठेवून पाच हजार मीटर अनिश्चितता लिहिली, की नकाशा बघणारा निदान फसत नाही. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या टोपोशीटवरून, म्हणजे तपशीलवार नकाशांवरून, आकडे घेतले असतील तर डेटमचाही (अक्षांश-रेखांश पृथ्वीचा कोणता आकार धरून मोजले त्याचा) रकाना भरा. ते नकाशे एव्हरेस्ट नावाच्या जुन्या डेटमवर आहेत, तुमच्या मोबाइलचं जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ वर.

नावांचा भाग जरा डोकं खाणारा आहे. शिंदळ माकुडी ही वनस्पती घ्या. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या नावावरून वनस्पतिशास्त्रज्ञ डालझेलने तिला फ्रेरिया इंडिका म्हटलं. पुढे कुणी तिला कॅरॅलुमा या प्रजातीत (जीनसमध्ये) घातलं, कुणी बौसेरोशियात. नवं नाव आलं की शीटवरची ओळख बदलली असं विद्यार्थ्यांना वाटतं आणि ते भराभर जुनं नाव पुसायला निघतात. ती शीट पुन्हा कुणी भिंगाखाली धरलेली नसते, बदललेलं असतं फक्त वर्गीकरण. म्हणून मूळ नाव जागेवर राहतं आणि सध्या मान्य असलेलं नाव वेगळ्या रकान्यात जातं. एखाद्या तज्ज्ञाने खरोखर शीट पाहून मत दिलं तर ते ओळखींच्या इतिहासाच्या जोडतक्त्यात, त्याच्या नावा-तारखेसह. याच वनस्पतीच्या बाबतीत आणखी एक सोय कामी आली : दुर्मीळ आहे, कड्यावरची नेमकी जागा जगाला सांगायची नाही, तर स्थान मुद्दाम ढोबळ केलंय अशी नोंद करायचा रकानाही आहे.

आता तक्रारी. लिंक्ड डेटा, म्हणजे वेबवरच्या दुव्यांनी एकमेकांना जोडलेली माहिती, म्हणून या मानकाचा गाजावाजा होतो, पण रोजचा व्यवहार सीएसव्हीच्या साध्या तक्त्यांवरच चालतो. मजकुरासाठी एक आणि दुव्यांसाठी दुसरी अशी समांतर नावं २०१५ च्या आरडीएफ (अशी दुव्यांची माहिती लिहायची पद्धत) मार्गदर्शिकेत दिली आहेत, ती कागदावर छान दिसतात. आम्ही त्यातला एकच तुकडा उचलला : संग्राहकाच्या ओळखीचा दुवा. वनस्पतिशास्त्रज्ञ फादर सांतापाव यांचं नाव लेबलांवर कधी ‘एच. एस.’, कधी पूर्ण आडनाव, कधी चुकीच्या स्पेलिंगसह येतं. विकिडेटा या खुल्या माहितीकोशातला एक क्रमांक जोडला की सगळी रूपं एका माणसापाशी येतात, आणि नमुने संग्राहकांच्या नावाशी जोडणाऱ्या बायोनोमियासारख्या संकेतस्थळावर त्यांचं जगभर विखुरलेलं संकलन एकत्र दिसतं. पण आमच्या कपाटांतल्या बहुतेक शीट्स इथल्याच जुन्या शिक्षकांच्या आहेत. त्यांचा ना विकिडेटावर पत्ता, ना संशोधकांना मिळणारा ओआरसीआयडी (ORCID) ओळख क्रमांक. दुव्यांची साखळी प्रसिद्ध माणसांपाशी पक्की आणि ज्यांनी पावसात चिखल तुडवला त्यांच्यापाशी तुटकी. त्यांची पानं आता आम्हीच तयार करतोय. हे काम लेबलं चढवण्यापेक्षा वेळखाऊ निघालं.

दुसरी तक्रार बोलीतल्या नावांची. कोकणातला टाकळा विदर्भात तरोटा होतो. लेबलावर संग्राहकाने ‘तरोटा’ लिहिलंय म्हणजे त्या गावात तेव्हा तसं म्हणत होते, हा त्या जागेचा पुरावा आहे. भाषा आणि प्रदेशासह स्थानिक नावं नोंदवायचा व्यवस्थित जोडतक्ता आहे, पण तो जातींच्या (स्पीशीजच्या) यादीला लागतो, नमुन्यांच्या यादीला नाही. नमुन्याच्या वाट्याला एकच साधा रकाना येतो, त्यात भाषा सांगायची सोय नाही. आम्ही तिथे देवनागरीत नाव लिहितो आणि ते कुणी सांगितलं हे शेऱ्यात टाकतो.

सुरुवात करणाऱ्यांनी सगळे रकाने उघडून बसू नये. नमुन्याचा कायमचा क्रमांक, नोंदीचा प्रकार, शास्त्रीय नाव, तारीख आणि लेबलावरचं मूळ ठिकाण एवढ्यावर एक कपाट पूर्ण करा, मग पुढचं ठरवा. आणि एक्सेलमध्ये तारखेचा स्तंभ आधी ‘टेक्स्ट’ करून घ्या, नाहीतर तो आपल्या मनाने तारखा फिरवतो.