स्तोत्रसंहिता व नीतिसूत्रे : मोठ्या टायपाची पुस्तिका

मराठी बायबलमधील स्तोत्रसंहिता आणि नीतिसूत्रे एकत्र बांधलेली ही पुस्तिका मी घेतली ती प्रामुख्याने ३७वे व ७३वे स्तोत्र निवांत वाचता यावे म्हणून, आणि त्यासाठी ती उत्तम आहे. दुष्टांचा हेवा करू नका, ते गवतासारखे लवकरच सुकतील, असे ३७वे स्तोत्र बजावते. ७३व्या स्तोत्रात मात्र स्तोत्रकर्ता आसाफ स्वतःच कबूल करतो की, गर्विष्ठांची भरभराट पाहून आपले पाय घसरण्याच्या बेतात होते आणि देवाच्या पवित्रस्थानात गेल्यावरच त्यांचा शेवट आपल्याला उमगला. उपदेशापेक्षा ही कबुली मला अधिक धीर देते. नीतिसूत्रांच्या २३व्या व २४व्या अध्यायांत तीच ताकीद पुन्हा भेटते.

कागद पातळ असल्याने मागच्या पानावरची अक्षरे दिसतात, हे खटकते. शिवाय ३७वे स्तोत्र मूळ हिब्रूत वर्णमालेच्या क्रमाने रचलेले आहे, हे सांगणारी तळटीप हवी होती. तिच्याअभावी त्यातील ४० वचने नव्या वाचकाला विस्कळीत वाटू शकतात. तरीही लबाडीने वर गेलेल्यांकडे पाहून खचलेल्या, पण सचोटी न सोडणाऱ्या माणसाला ही पुस्तिका मी आग्रहाने सुचवेन.