रिफर्बिश्ड ऑफिस पीसी घरी वापरून: बेळगावातून एक लांबलचक अनुभव

पंचवीस हजाराच्या आत घरासाठी कॉम्प्युटर घ्यायचा असेल तर नव्या लॅपटॉपच्या नादाला लागू नका, ऑफिसातून निघालेला आठव्या जनरेशनचा (म्हणजे आठव्या पिढीतल्या इंटेल प्रोसेसरचा) डेस्कटॉप घ्या, हे मी आता कुणालाही सांगतो. मागच्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या जूनमध्ये, कॉलेजं सुरू व्हायच्या तोंडावर घेतला, तेव्हापासून आमच्या वडगावच्या घरात रोज चालू आहे आणि तिघांचं काम त्याच्यावर निघतंय. फक्त तो "आठव्या जनरेशनचा" हा शब्द सोडू नका, सगळी गोम तिथंच आहे.

आमची गरज आधी सांगतो म्हणजे तुमच्याशी जुळतं का बघता येईल. पोरगी पीयूसी फर्स्ट इयर (अकरावी) सायन्सला, तिला लेक्चरचे व्हिडिओ, एनसीईआरटीची पीडीएफ पुस्तकं, सीईटीचे प्रश्न आणि थोडं पायथन. मी उद्यमबागेत एका फाउंड्रीत डिस्पॅचला, घरी आल्यावर कधीमधी एक्सेल आणि मेल. बायकोकडं महिला मंडळाच्या भिशीचा हिशोब आणि मराठीतली पत्रं. गेम कोण खेळत नाही. पोरगीचं म्हणणं "पप्पा, लॅपटॉपच घ्या की", आणि खरं तर मीही आधी लॅपटॉपच बघत फिरत होतो. पण या बजेटमध्ये नवीन म्हटलं की समोर येतो तो दोन कोअरचा (म्हणजे काम करणारे दोनच मेंदू) सेलेरॉन एन४५०० हा साधा प्रोसेसर, बऱ्याच मॉडेलात रॅम बोर्डालाच चिकटवलेली म्हणजे पुढं वाढवायची सोय नाही, आणि स्क्रीन अशी की बाजूला बसून बघितलं तर रंग उलटे. दुकानात ब्राउझरच्या पाच-सहा टॅब उघडून बघितल्या आणि तिथंच विषय संपला. बरा आय३ वाला घ्यायचा तर तेव्हा तेहतीस-चौतीस हजार सांगत होते.

मग जुन्याकडं वळलो. बँका, आयटी कंपन्या पाच-सात वर्षं वापरून मशीन लॉटमध्ये विकतात, ती साफ करून एसएसडी (वेगवान डिस्क) घालून बाजारात येतात. दुकानदार सांगतो "आय५ आहे सर", पण आय५ हे २०११ चंही असतं आणि २०१८ चंही. इंटेलचा नंबर बघायचा, चार आकडी असेल तर पहिला आकडा म्हणजे जनरेशन. आय५-४५७० चौथी, आय५-६५०० सहावी, आय५-८५०० आठवी. सहाव्या-सातव्यातल्या डेस्कटॉप आय५ ला चार कोअर, आठव्यापासून सहा झाले, पण कोअरपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे विंडोज ११ इंटेलमध्ये साधारण आठव्या जनरेशनपासून पुढंच अधिकृतपणे चालतं, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जूनमध्ये सहाव्या जनरेशनचा डबा मला आठ हजारात देत होते, वर "विंडोज ११ पण घालून देतो" म्हणत होते, म्हणजे जुगाड करून घालतात, चालतंही, पण मायक्रोसॉफ्टची त्याला हमी नाही. ज्यांच्याकडं आधीच विंडोज १० आहे त्यांना जादा सिक्युरिटी अपडेटची सोय १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे, पण आज पैसे घालून नवीन घेताना तो हिशोब कशाला धरायचा.

नंबर लक्षात राहत नसेल तर मॉडेलवरून ओळखा. डेलचे ऑप्टिप्लेक्स ३०६०, ५०६०, ७०६० हे आठवीचे, ३०५०, ७०५० त्याच्या आधीचे. एचपीत ईलाईटडेस्क ८०० जी४ आठवी, जी३ आधीचा. लेनोवोत थिंकसेंटर एम७२०. मी यातला कुठला घेतला ते महत्त्वाचं नाही, आतून तिन्ही सारखेच आहेत. आणखी एक, यात बहुतेक दोन साईज मिळतात, एक आडवा पातळ डबा आणि एक पुस्तकाएवढा छोटा. छोट्याला लॅपटॉपची रॅम लागते आणि वीज पुरवायला बाहेर अडॅप्टर असतो, आतला प्रोसेसरही बहुतेक वेळा कमी विजेचा ३५ वॉटवाला 'टी' (नंबरच्या शेवटी टी असलेला). जागा नसेल तर तो चांगला. मी मोठा घेतला कारण त्याला डेस्कटॉपची साधी रॅम लागते आणि जादा हार्डडिस्क घालायला जागा असते.

खर्च असा झाला: आय५-८५००, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एनव्हीएमई (जास्त वेगवान प्रकारची) एसएसडी असा डबा साडेतेरा हजार, बावीस इंची आयपीएस (बाजूनं बघितलं तरी रंग न बिघडणारा) मॉनिटर नवा ६,८००, यूपीएस २,९००, कीबोर्ड-माऊस ७००, वायफायचा डोंगल ५०० आणि एक केबल ३५०. चोवीस हजार साडेसातशे. मॉनिटर मात्र मी मुद्दाम नवा घेतला. जुना साडेतीन हजारात मिळत होता पण डोळे पोरगीचे जाणार, आणि नव्याला तीन वर्षांची वॉरंटी आहे, डबा उद्या बदलला तरी मॉनिटर राहणार.

कोल्हापुरात हाच डबा हजारभर स्वस्त सांगितला होता, बेंगलोरच्या एसपी रोडच्या कॉम्प्युटर बाजारात त्याहून कमी म्हणतात. पण जुन्या वस्तूला काय झालं तर शंभर-सव्वाशे किलोमीटर डबा मांडीवर घेऊन कोण जाणार, म्हणून गावातच घेतला, सहा महिन्यांची दुकानाची वॉरंटी पक्क्या जीएसटी बिलावर लिहून घेतली. तोंडी वॉरंटीवर विश्वास ठेवू नका, आपल्याकडं "आणा की, बघूया" एवढंच मिळतं.

दुकानात तिथंच बसून बघायच्या गोष्टी. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचं नाव आणि रॅमचे स्लॉट किती भरलेत. सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हेशन उघडून "डिजिटल लायसन्स" लिहिलंय का, कारण या कंपनीच्या मशीनना बहुतेक मुळातच विंडोज प्रो आलेलं असतं, त्याची की (लायसन्सचा नंबर) बायोसमध्ये, म्हणजे मशीन चालू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये असते, क्रॅक मारायची गरजच नसते. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते एसएसडी किती तास चालली आणि तब्येत किती टक्के ते दाखवतं. बायोसला पासवर्ड नाही ना तेही बघा, कारण जुन्या कंपनीचा पासवर्ड तसाच राहिला तर पुढं डोकेदुखी. दुकानदार जरा कंटाळला पण चहा पाजला बिचाऱ्यानं.

घरी आणल्यावर बायकोचा पहिला प्रश्न, "जुनं काय आणलासा हो?" आणि चालू केल्यावर पंधरा-वीस सेकंदात डेस्कटॉप दिसला तेव्हा ती गप्प. हा सगळा एसएसडीचा खेळ, साध्या हार्डडिस्कवर हाच प्रोसेसर रांगत चालतो.

आता त्रासाचं. माझ्या डब्याला एचडीएमआय नव्हतंच, दोन डिस्प्लेपोर्ट. त्यासाठी डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआय केबल लागते, आणि साधी केबल एकाच दिशेनं चालते, म्हणजे डब्याकडं डिस्प्लेपोर्टचं टोक आणि मॉनिटरकडं एचडीएमआय. उलटी घेतली तर पडदा काळाच. वायफाय तर डेस्कटॉपला बहुतेक नसतंच. डोंगल मागच्या निळ्या यूएसबी ३ मध्ये घातला तर स्पीड पडायचा, यूएसबी ३ चा २.४ गिगाहर्ट्झ वायफायला अडथळा होतो म्हणतात, काळ्या पोर्टला लांब केबल लावून घातल्यावर सुधारलं. मग दिवाळीत लॅनची वायरच ओढून घेतली, विषय कायमचा मिटला.

पावसाळ्यात खरी परीक्षा. जुलै-ऑगस्टमध्ये इथं झड लागली की लाईट येते-जाते, दिवसात किती वेळा ते विचारू नका. यूपीएस नसता तर लेक्चर तर गेलंच असतं, एसएसडीचंही भलं झालं नसतं. ६०० व्हीएचा यूपीएस डबा आणि मॉनिटर मिळून दहा-पंधरा मिनिटं धरतो, तेवढ्यात फाईल सेव्ह करून बंद करता येतं. त्याच काळात एक गंमत झाली, मेन स्विच बंद ठेवून गावी गेलो आणि परत आल्यावर घड्याळ कितीतरी वर्षं मागं, आणि तारीख चुकली की ब्राउझर एकही साईट धड उघडत नाही, "कनेक्शन सुरक्षित नाही" म्हणून लाल पाटी. पोरगीला वाटलं व्हायरस. मदरबोर्डवरची सीआर२०३२ ही घड्याळाची बटण बॅटरी संपली होती, चाळीस रुपयांची, स्वतः बदलली. जुनं मशीन घेतलं की ही पहिल्या दिवशीच बदलून टाका.

एक धोका मात्र अजून डोक्यात आहे. या ऑफिस डब्यांचा एसएमपीएस (आतला वीज पुरवणारा भाग) आणि मदरबोर्डचे कनेक्टर प्रत्येक कंपनीचे आपापले असतात, बाजारातला साधा एसएमपीएस बसत नाही. उडाला तर त्याच मॉडेलचा जुना शोधावा लागणार. त्यामुळं मोठं ग्राफिक्स कार्ड घालून गेमिंग करू असं मनात असेल तर हा डबा तुमचा नाही. व्हिडिओचं म्हणाल तर आतल्या यूएचडी ६३० ग्राफिक्सवर यूट्यूब १०८०पी बिनतक्रार चालतं.

वीजबिलाची भीती आमच्याकडं जास्त, कारण कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या गृहज्योती योजनेत २०० युनिटची कमाल मर्यादा आहे आणि ती ओलांडली की पूर्ण बिल भरा. साध्या कामात डबा आणि मॉनिटर मिळून पन्नासेक वॉट धरा, रोज पाच तास म्हणजे महिन्याला सात-आठ युनिट. आमचं काही बिघडलं नाही. जुना मोठा सीआरटी असता तर विचार करावा लागला असता.

भाषेची सोय मला वाटलं होतं त्यापेक्षा भारी निघाली. विंडोजमध्ये मराठी आणि कन्नड दोन्हीचे फोनेटिक कीबोर्ड आतच असतात, विकत काही घ्यायला नको, विंडोजचं बटण आणि स्पेस दाबलं की भाषा बदलते. बायको मंडळाची पत्रं युनिकोडमध्ये करते, तीच व्हॉट्सॲपला तशीच चिकटवते. झेरॉक्सवाल्याकडं मात्र अजून श्रीलिपी हे जुन्या पद्धतीच्या फॉन्टचं सॉफ्टवेअर, तिकडं फाईल नेली की त्याला परत टाईप करावं लागतं, म्हणून आता पीडीएफच नेते. खानापूर तालुक्यातल्या शेतीचा उतारा कर्नाटकच्या जमीन नोंदींच्या 'भूमी' साईटवर कन्नडमध्ये येतो, मला कन्नड बोलता येतं पण वाचायला वेळ लागतो, मोठ्या पडद्यावर एका बाजूला उतारा आणि दुसऱ्या बाजूला पोरगी बसून वाचून दाखवते. मोबाईलवर हे होत नव्हतं.

रॅमचं शेवटी. ८ जीबीवर लेक्चर, पीडीएफ आणि वीसेक टॅब एकत्र उघडले की मशीन अडखळायचं. ऑगस्टमध्ये दुसरी ८ जीबीची जुनी पट्टी १,३०० ला घेऊन घातली, दोन पट्ट्या झाल्यामुळं ड्युअल चॅनेल (दोन्ही पट्ट्या एकदम कामाला) पण झालं आणि तेव्हापासून अडखळणं नाही. वर्षाच्या शेवटी एआयच्या सर्व्हरमुळं रॅमचे भाव असे चढले की आमच्याच गल्लीतल्या एकाला तीच पट्टी दुप्पटीहून जास्त सांगितली. त्यामुळं आत्ता घेणार असाल तर डब्याबरोबरच सोळा जीबी मागा आणि भाव एकत्रच करा, सुटी रॅम नंतर घेऊ म्हणून ठेवू नका. एसएसडी २५६ आम्हाला पुरतेय, फोटो वेगळ्या हार्डडिस्कवर टाकतो.