लाखेचे गोठ आणि एक सचोटीची पेढी

आईचे लाख भरलेले गोठ, म्हणजे हातातली जाड कडी, मोडून मुलीसाठी पाटल्या करायच्या होत्या. त्या निमित्ताने पुण्यात सोन्या मारुती चौकाजवळच्या एका छोट्या पेढीत दोनदा जाणे झाले. मालकांनी पेढीचे नाव छापू नये अशी विनंती केली आहे, ती मी पाळते.

त्याआधी एका मोठ्या दुकानात चौकशी केली होती. तेथे गोठ काट्यावर ठेवले, ३८.४५० ग्रॅम भरले, आणि लाखेचे म्हणून अंदाजाने १६ ग्रॅम वजा करून, शिवाय "जुन्या सोन्यात खोट असतेच" असे सांगत आणखी घट धरून हिशेब पुढे सरकवण्यात आला. गोठ उघडले नव्हते की सोन्याचा कस पाहिला नव्हता. तेथील माणूस अतिशय अदबीने बोलत होता, चहाही आला, पण विचारल्याशिवाय एकही आकडा समजावून सांगितला गेला नाही.

या पेढीत मात्र मालकांनी मला कारागिराच्या शेजारी स्टूल दिले. गोठ कापून, तापवून त्यातली लाख वेगळी काढली आणि माझ्यासमोर तिचे वजन केले : १४.३३० ग्रॅम. सोने २४.१२० भरले, म्हणजे आधीच्या अंदाजापेक्षा पावणेदोन ग्रॅमच्या आसपास अधिक. त्यानंतर जे झाले ते मी विसरणार नाही. कापताना ताटलीत पडलेला सोन्याचा कीस कारागिराने मऊ ब्रशने कोपऱ्याकोपऱ्यातून गोळा केला, ताटली उजेडाकडे तिरकी धरून पुन्हा पाहिली, आणि तो कणन् कण मुशीत, म्हणजे सोने वितळवण्याच्या भांड्यात, टाकला. तो कीस त्याने तसाच राहू दिला असता, तर मला कधीही कळले नसते.

आटवल्यावर यंत्राने शुद्धता ८८.२ टक्के दाखवली. बावीस कॅरेटला ९१.६ लागते, तेव्हा खोट खरोखरच होती, आणि तीही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितली.

नव्या दागिन्यांच्या बाबतीत आता कायदा ग्राहकाच्या पाठीशी आहे. जून २०२१ मध्ये हॉलमार्किंग, म्हणजे शुद्धतेचा अधिकृत शिक्का मारणे, टप्प्याटप्प्याने सक्तीचे होऊ लागले, १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, आवश्यक झाला, तो क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर ॲपवर पडताळता येतो, आणि शिक्क्यापेक्षा शुद्धता कमी निघाल्यास फरकाच्या दुप्पट भरपाई मागता येते. परंतु जुना, बिनशिक्क्याचा दागिना घेऊन गेलेल्या बाईला तेथे समोरच्याच्या सचोटीवरच विसंबावे लागते. धातूतल्या भेसळीला आणि माणसाच्या मनातल्या उणेपणाला आपल्या भाषेने 'खोट' हा एकच शब्द दिला आहे, तो मला त्या स्टुलावर बसून नीट समजला. पहिल्या दुकानाने कदाचित नियम मोडला नसेल, पण ग्राहकाला जे दिसत नाही ते दाखवण्याची तसदी त्यांनी घेतली नाही, आणि माझ्या मते गुणाचा अभाव म्हणतात तो हाच.

उणिवाही सांगते. नमुने मोजकेच आहेत, मजुरी स्वस्त नाही, आणि पाटल्या ठरल्या दिवसापेक्षा चार दिवस उशिरा मिळाल्या. बिलात मात्र निव्वळ वजन, शुद्धता, मजुरी आणि हॉलमार्कचे शुल्क वेगवेगळे लिहिलेले होते.

मोडीसाठी जायचे असल्यास सकाळी जावे, कारण दुपारनंतर कारागीर भट्टी लावत नाही. निघताना त्यांनी काढलेली लाखसुद्धा कागदाच्या पुडीत बांधून माझ्या हातात दिली.