पितळी पिना काढल्या: गिटारमधील किरकोळ बदलांचा आठ महिन्यांनंतरचा अनुभव

गेल्या रविवारी तारा बदलताना मी गिटारच्या सहाही पितळी ब्रिज पिना (तारांची टोके ब्रिजमध्ये अडकवून ठेवणाऱ्या छोट्या खुंट्या) काढल्या आणि डबीत जपून ठेवलेल्या मूळच्या प्लास्टिकच्या पिना परत बसवल्या. आठ महिन्यांपूर्वी याच पिनांवर मी ७०० रुपये घालवले होते आणि दोन मित्रांनाही त्या घ्यायला लावल्या होत्या, त्यामुळे हा अनुभव सविस्तर लिहिणे मला भागच आहे.

गिटार साधीच आहे. टॉप, म्हणजे वरची फळी, लॅमिनेटचा (थर चिकटवलेल्या लाकडाचा), तारा जिथे अडकवतात तो ब्रिज रोझवूडचा आणि तारा १२-५३ जाडीच्या फॉस्फर ब्राँझच्या. नवी घेण्यापेक्षा आहे तीच सुधारावी, या विचाराने पिना, हाडाचे सॅडल (ब्रिजवरची, तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी), हाडाचा नट (मानेच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) आणि १८:१ च्या ट्यूनिंग की (तारा ताणायच्या खुंट्या; मूठ अठरा वेळा फिरवली की दांडी एकदा फिरते) असे चार बदल केले आणि मजुरी धरून ३,६५० रुपये मोजले.

पितळी पिना बसवल्या त्या संध्याकाळी गिटार अशी काही चमकून वाजली की मी खूश झालो. त्याच दिवशी ताराही नव्या घातल्या होत्या, ही गोष्ट मात्र मी सोयीस्करपणे विसरलो. तीन आठवड्यांत तारा घामाने मंदावल्या आणि त्यांच्याबरोबर पितळेची म्हणून वाटलेली चमकही गेली. मग मी दोन्ही संच ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर ठेवले, तेव्हा प्लास्टिकच्या सहा पिना तीन ग्रॅमच्या आतच भरल्या आणि पितळी अठराच्या वर गेल्या. ब्रिजवर वजन वाढले की तारेच्या त्याच शक्तीने तो कमी हलतो, म्हणून आवाज किंचित दबतो, आणि तार आपली शक्ती सावकाश सोडत असल्याने सूर थोडा जास्त टिकतो. हे दोन्ही परिणाम मला ऐकू आले, पण ते इतके सूक्ष्म होते की घरात दुसऱ्या कोणाच्या लक्षातही आले नाहीत. ज्यांना सूर लांबलेला आवडतो त्यांनी जरूर घ्याव्यात. मला स्ट्रमिंगसाठी मोकळा आवाज हवा होता.

नट आणि ट्यूनिंग की यांचे फार सांगण्यासारखे नाही. बोट दाबले की नटाचा आवाजाशी संबंध उरत नाही, त्यामुळे हाडाच्या नटाचा गुण फक्त मोकळ्या तारांवर दिसतो. नव्या ट्यूनिंग कींमुळे सूर बारकाईने मिळवता येतो, पण आवाजात काडीचाही फरक पडला नाही.

खरे रामायण घडले ते सॅडलमुळे. दुकानातून हाडाचे सॅडल बसवून आणल्यावर दुसरी तार सतारीसारखी झणझणू लागली. तक्रार घेऊन गेलो तेव्हा काउंटरवरच्या मुलाने गिटार दोनदा छेडून सांगितले, "काका, ॲक्शन इतकी खाली ठेवली की बझ येणारच. फ्रेट घासून घ्या, अडीच हजार होतील." ॲक्शन म्हणजे तार आणि फ्रेट (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) यांतील अंतर. बाराव्या फ्रेटवर सहाव्या तारेखाली अडीच मिलिमीटर जागा होती आणि तिला कोणी कमी म्हणत नाही, हे मी पट्टी दाखवून सांगितले, तरी उत्तर तेच मिळाले. सॅडल आणि मजुरी यांचे ९५० रुपये आधीच घेतलेल्या माणसांनी आणखी अडीच हजार मागावेत, या रागाने मी गिटार उचलून घरी आणली आणि रात्री टेबलावर दिव्याखाली आडवी ठेवली.

झणझण मोकळ्या तारेवर होती, पहिल्या फ्रेटवर होती आणि बाराव्यावरही होती. दोष नटात असता तर बोट दाबल्यावर तो थांबला असता, आणि एखादा फ्रेट उंच असता तर त्याच्या पुढच्या फ्रेटवर दाबताच आवाज स्वच्छ आला असता. प्रत्येक सुरात सामाईक असलेली जागा एकच, ती म्हणजे सॅडल. भिंगातून पाहिले तर दुसऱ्या तारेखाली सॅडलचा माथा टेबलासारखा सपाट होता आणि तार त्याच्या पूर्ण रुंदीला घासत सुटत होती.

तेव्हा मला स्वतःचेच हसू आले. ज्या मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तिथून दहा-बारा किलोमीटरवर सांगलीत राहून मला ही गोष्ट आठ आठवडे कळली नव्हती. तानपुऱ्याच्या घोडीवर जवारी काढतात ती नेमकी याचसाठी, की रुंद माथ्यावर तार हलकेच घासत सुटावी आणि सूर झंकारावा. मी कधीच मागितली नसती अशी जवारी दुकानाने माझ्या गिटारवर फुकट काढून दिली होती.

बारीक कानसीने माथा दोन्ही बाजूंनी उतरता केला आणि तार एकाच रेषेवर टेकेल असे पाहिले. दहा मिनिटांत झणझण गेली. सॅडल हातात होतेच, म्हणून तळावर पेन्सिलने रेघा मारून ते काचेवर ताणून चिकटवलेल्या पॉलिश पेपरवर चार वेळा ओढले. दोन्ही टोकांच्या रेघा पुसल्या गेल्या, मधल्या तशाच राहिल्या. म्हणजे तळ मध्ये पोकळ होता आणि तिसरी-चौथी तार अक्षरशः अधांतरी वाजत होती. रेघा पूर्ण जाईपर्यंत घासल्यावर सॅडल ०.४ मिलिमीटर उतरले, त्यामुळे बाराव्या फ्रेटवर ॲक्शन त्याच्या निम्मी, ०.२ मिलिमीटर खाली आली, आणि त्याची तक्रार नाही. तिसरी तार मात्र इतकी उघडली की बायकोने स्वयंपाकघरातून विचारले, "नवी आणलीस की काय?" पिना, नट आणि ट्यूनिंग की या सगळ्यांना मिळून इतकी दाद एकदाही मिळाली नव्हती.

आता शंका अशी आहे की मूळच्या प्लास्टिकच्या सॅडलचा तळ सपाट केला असता तरी बहुतेक काम झाले असते. ते सॅडल दुकानदाराने परत दिले नाही, त्यामुळे पडताळणी करता येत नाही, आणि सगळ्यात जास्त राग मला याच गोष्टीचा आहे. पॉलिश पेपर २० रुपयांचा होता. पितळी पिना घामाने काळ्या पडल्या होत्या, त्या चिंचेने घासून लखलखीत करून ठेवल्या आहेत. कोणी निम्म्या किमतीत घेत असेल तर देईन, वरील सर्व वाचूनही हवी असतील तर.