‘कर्स ऑफ स्ट्राड’: निसटलेला खलनायक परत आणायचा तर हे पुस्तक किती कामाचं?

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून खेळायच्या कथाखेळात पार्टीच्या, म्हणजे खेळाडूंच्या गटाच्या, हातून मोठा राक्षस निसटला आणि चार सेशननंतर डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) तो पुन्हा उभा केला, की टेबलावर पहिला प्रश्न येतो: ‘हा वाचला कसा?’ उत्तर नीट नसेल तर खेळाडूंना मागच्या वेळी खर्च केलेले स्पेल फुकट गेल्यासारखे वाटतात, आणि पुढच्या लढाईत त्यांचं मन लागत नाही. या खेळाच्या पाचव्या आवृत्तीसाठी २०१६ साली आलेलं ‘कर्स ऑफ स्ट्राड’ हे कॅम्पेन, म्हणजे अनेक सेशन चालणारी कथा, मला त्यासाठीच फार मोलाचं वाटतं. इथे खलनायकाचं निसटणं डीएमच्या मर्जीवर नाही, नियमात लिहिलेलं आहे. आणि तोच नियम खेळाडूंना त्याच्यावर उलटवताही येतो.

नियम असा. या पुस्तकाचा खलनायक, व्हॅम्पायर स्ट्राड, आपल्या शवपेटीबाहेर असताना शून्य एचपीवर (जीवशक्तीच्या गुणांवर) आला तर मरत नाही, धुकं होतो. त्या क्षणी तो उन्हात किंवा वाहत्या पाण्यात असेल तर मात्र धुकं होता येत नाही, तो तिथेच नष्ट होतो. धुकं झाल्यावर दोन तासांत शवपेटी गाठायची, नाहीतर खेळ खलास. पेटीत पोचला की मूळ रूप परत मिळतं, पण किमान १ एचपी येईपर्यंत तो लुळा पडून असतो. तो १ एचपी यायला तास लागतो. त्यानंतर त्याच्या दर टर्नच्या (खेळीच्या) सुरुवातीला २० एचपी भरतात, म्हणजे त्याचे १४४ एचपी आठ राउंडमध्ये (एका राउंडमध्ये प्रत्येकाची एक खेळी), मिनिटाच्या आतच, पूर्ण. खेळाडूंची खरी संधी म्हणजे तो लुळेपणाचा तास. त्या वेळात पेटी सापडली आणि छातीत लाकडी खुंटी ठोकली, की खुंटी निघेपर्यंत तो हलू शकत नाही.

आता अंतराचा हिशोब, जो बहुतेक डीएम करत नाहीत. धुक्याचा वेग राउंडला २० फूट. धुक्यात ॲक्शन घेता येत नाही, म्हणून डॅशही (दुप्पट पळणंही) नाही. मिनिटाला दहा राउंड धरले तर २०० फूट, दोन तासांत २४,००० फूट, म्हणजे साधारण साडेचार मैल. कथा घडते त्या बारोव्हियाच्या नकाशावर एक षट्कोन पाव मैलाचा आहे. तेव्हा स्ट्राड हरण्याची शक्यता असलेली लढाई त्याची शवपेटी असलेल्या रेव्हनलॉफ्टच्या किल्ल्यापासून अठरा षट्कोनांच्या आत लावा. त्यापलीकडे लावली आणि पार्टीने त्याला शून्यावर आणलं, तर नियमाप्रमाणे कॅम्पेन अर्ध्यातच संपतं आणि डीएमला ऐन वेळी खोटं बोलावं लागतं. यावर एक प्रामाणिक तोड आहे. मूळ राक्षसकोशात व्हॅम्पायर स्वतःच्या थडग्याची माती नेऊन दुसरीकडेही विश्रांतीची जागा करू शकतो. तशी दुसरी पेटी लांबच्या एखाद्या तळघरात ठेवायची असेल तर दोन-तीन सेशन आधी खेळाडूंना मातीने भरलेली गाडी किंवा ताजं खणलेलं थडगं दिसू द्या. मागाहून काढलेली पेटी टेबलावर कोणी मान्य करत नाही.

परत येण्यामागे कारण लागतं, आणि ते पुस्तकात भक्कम आहे: इरीना कोलियाना ही तरुणी त्याला हवी आहे. पण तो किती वेळा यावा, किती राउंड थांबावा, केव्हा काढता पाय घ्यावा, हे वेळापत्रक डीएमलाच आखावं लागतं. माझ्या मते प्रत्येक भेटीला एकच हेतू द्यावा. पहिल्या भेटीत त्याने कोणाला मारू नये, कोणाच्या तरी केसांची बट कापून न्यावी. त्याच्याकडे स्क्राइंग हा दुरून पाहण्याचा स्पेल आहे, सेव्ह डीसी १८, म्हणजे तो टाळायला समोरच्याने फासा टाकून (सेव्ह करून) १८ गाठायचे. अंगावरची वस्तू हाती असेल तर समोरच्याच्या सेव्हवर वजा ४, आणि केस किंवा नख असेल तर वजा १०. पुढच्या भेटीत तो पार्टीचा बेत जाणून येतो, आणि का जाणतो ते खेळाडूंना आठवतं. एखाद्याने सेव्ह यशस्वी केला तर पुढचे २४ तास त्याच्यावर स्क्राइंग चालत नाही. तेवढी उसंत पार्टीला मिळालीच पाहिजे.

निघायची वेळ ७२ एचपी, म्हणजे निम्मे. लेजेंडरी ॲक्शनमधली (दुसऱ्याच्या टर्ननंतर मिळणाऱ्या जादा कृतीतली) हालचाल ऑपर्च्युनिटी अटॅक (दूर सरकताना बसणारा वार) ओढवून घेत नाही, तेव्हा दुसऱ्याचा टर्न संपताच त्या हालचालीने स्ट्राडने बाजूला व्हायचं आणि स्वतःच्या टर्नला धुकं किंवा वटवाघूळ व्हायचं. भिंतीतून आरपार जाणं किल्ल्यातच शक्य आहे, गावात नाही. आणि आमंत्रणाशिवाय त्याला कोणाच्या घरात शिरता येत नाही. हा उंबरठा डीएमने काटेकोर पाळावा. घरातल्याच कोणाला तरी मोहिनी घालून बोलावून घेणं त्याला जमतं, आणि तसं झालं की थरार वाढतो.

हे सगळं बिघडतं ते दोन ठिकाणी. पहिलं, स्ट्राडने सुरुवातीलाच टाकलेला फायरबॉल (आगीचा स्पेल). त्याच्या डॅमेजची, म्हणजे ८ डी६ची (सहा बाजूंच्या आठ फाशांची), सरासरी २८ येते. तिसऱ्या लेव्हलची पार्टी त्यात आडवी होते आणि पुन्हा भेटायला कोणी उरत नाही. दुसरं, डेलाइट स्पेल. २०१४च्या नियमपुस्तकाप्रमाणे त्याचा उजेड म्हणजे ऊन नव्हे (२०२४च्या नव्या नियमांत ते बदललं). त्यात स्ट्राडला काही होत नाही आणि त्याचं धुकं होणंही थांबत नाही. खेळाडूंना हे लढाईत कळलं तर वाद होतो, म्हणून आधीच सांगून टाका. कॅम्पेनमधल्या सनस्वॉर्ड या तलवारीचा उजेड मात्र नियमाने ऊनच आहे: १५ फूट प्रखर, पुढे १५ फूट मंद. होली सिंबल ऑफ रेव्हनकाइंड या पवित्र चिन्हाचे ५ चार्ज खर्चले की ३० फुटांत दहा मिनिटं ऊन पडतं. त्या उजेडात टर्न सुरू झाला की स्ट्राडला २० रेडियंट डॅमेज, एचपी भरणं बंद आणि धुकं होणंही बंद. शेवटची लढाई इतकी समाधान देते ती यामुळेच. दर वेळी निसटणारा या वेळी का निसटला नाही, ते प्रत्येक खेळाडूला ठाऊक असतं. त्या वस्तू कुठे आहेत आणि स्ट्राड किल्ल्यात कुठे गाठ घालेल ते टारोकाचे (भविष्य सांगायच्या पत्त्यांचे) पाच पत्ते ठरवतात, त्यामुळे दुसऱ्यांदा खेळतानाही मार्ग वेगळा निघतो.

तक्रार मांडणीबद्दल आहे. स्ट्राडचे हेतू पहिल्या प्रकरणात, शवपेटी चौथ्यात, वस्तू आणि आकडे परिशिष्टांत. २५६ पानांत तीन-चार खुणा घालून बसावं लागतं. किल्ल्याचे तिरकस नकाशे देखणे आहेत, पण कोणता जिना कुठे निघतो हे खेळताना पटकन कळत नाही. खेळण्याआधी जिन्यांची जोडणी एका कागदावर उतरवून घ्या.

२०२० सालच्या पेटीबंद आवृत्तीत ५४ पत्त्यांचा टारोकाचा कॅट आणि राक्षसांची वेगळी पुस्तिका आहे. साधं पुस्तक घेतलं तरी अडत नाही, दोन जोकर धरून पत्त्यांचा नेहमीचा कॅट चालतो. पैसे घालण्याआधी नुसता धुक्याचा नियम टेबलावर चालवून पाहायचा असेल, तर २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्सखाली मोफत खुल्या झालेल्या एसआरडी ५.१ या मूळ नियमसंचात साधा व्हॅम्पायर याच नियमासकट आहे. एका गावाचा नकाशा, एक पेटी आणि साडेचार मैलांची मर्यादा घेऊन एका सेशनचा खेळ त्यावर सहज उभा राहतो.